थ्रासोस मिस्त्रीचा चोरीला गेलेला शब्द

दोन गवंडी तुमच्या घराच्या परांचीवर उभे आहेत. एक जण तुमच्याकडे बघून चार अक्षरं बोलतो, दुसरा मान डोलावतो, आणि तुम्हाला त्यातलं काहीच कळत नाही. काय समजाल तुम्ही? आपल्यालाच शिवी दिली, असंच ना?

बरोबर समजलात. शंभरातल्या नव्वद वेळा शिवीच असायची. उरलेल्या दहा वेळा असायचं, 'मालक आला, हात चालव', नाहीतर 'घरधनीण घेवड्याचं नुसतं पाणी वाढतेय, आता चुनाही तसाच कालव'.

ग्रीसच्या उत्तरेला, कोनित्साच्या वरच्या डोंगरात आमचं लिथोव्रिसी आहे. जमीन म्हणाल तर बटाटे पुरतील एवढी. म्हणून इथला बाप्या माणूस पिढ्यान्‌पिढ्या हातोडा घेऊन बाहेर पडला. एप्रिलात सेंट जॉर्जच्या सणाला टोळ्या निघायच्या, ऑक्टोबर सरताना सेंट दिमित्रीच्या सणाला परतायच्या. मधले सहा महिने परक्यांची घरं, परक्यांचे पूल, परक्यांची देवळं. दुसऱ्याच्या दारात पोट भरायचं तर आपसात बोलायला पडदा लागतोच. गवंड्यांची बोली हा तो पडदा. घरच्या बायकांनाही ती यायची नाही. गावाबाहेर एक झाड आहे, त्याला रडकं झाड म्हणतात. बायका तिथवर निरोप द्यायला यायच्या. त्या पाठमोऱ्या झाल्या की टोळीचा म्होरक्या नव्या गड्याला पावावर हात ठेवायला लावायचा: बोली बाहेर जाणार नाही.

थ्रासोस मिस्त्रीनं ती शपथ पासष्ट वर्षं पाळली. त्याची बायको आन्थी शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा तिनं विचारलं, "आता तरी सांग. लग्नाच्या दिवशी तुझा चुलतभाऊ माझ्याकडे बघून काय बोलला होता?" थ्रासोसनं तिचा हात दाबला आणि खिडकीबाहेर बघितलं. सांगितलं नाही. ती तशीच गेली. असा हा माणूस.

यादवीत गाव जळालं ते त्याच्या बापाच्या टोळीनं पुन्हा उभं केलं, आणि पुढे ती टोळी थ्रासोसकडे आली. आज प्रवासी ज्या घरांपुढे उभे राहून फोटो काढतात त्यातली निम्मी याच्या हातची. पण कौतुक केलं की हा कपाळाला आठ्या घालणार. काय हवंय याला? घर विकत मागतोय का? ओळंब्यावरसुद्धा त्याचा भरवसा नव्हता. आधी दोरी सोडायचा, मग एक डोळा मिटून बघायचा, मग शेजारच्याचा ओळंबा मागून घ्यायचा. बायकोवर प्रेम होतं, पण दाराला कडी आपल्याच हातानं लावायचा.

दोन उन्हाळ्यांमागे योआन्निनाहून एव्रिडिकी नावाची एक शिकलेली मुलगी रेकॉर्डर घेऊन आली. म्हाताऱ्या माणसाला आमच्याकडे बार्बा म्हणतात. ती एका वाक्यात तीनदा बार्बा म्हणायची. म्हातारा माणूस अशानं विरघळतो, असं तिला कुणीतरी शिकवलं असावं. थ्रासोस विरघळला नाही, पण त्यानं तिला हाकललंही नाही. तीन दुपारी बसून त्यानं तिला एकशे चाळीस शब्द दिले. सगळेच्या सगळे खोटे. दगडाला आपल्या जुन्या गाढविणीचं नाव दिलं. चुन्याला सासूचं. 'पाया' विचारलं तेव्हा त्याला शिंक आली, मुलीनं तीच लिहून घेतली. जाताना तिचे डोळे भरून आले होते.

आणि यंदा गावची बंद पडलेली शाळा संग्रहालय व्हायला निघाली. गवंडीकामाचं संग्रहालय! एव्रिडिकीचे शब्द मोठ्या अक्षरांत रंगवलेले फलक आधीच येऊन पडले. उरलं छप्पर. जुन्या काळ्या दगडी फरशा उतरवायच्या, वासे बदलायचे, त्याच फरशा पुन्हा चढवायच्या, आणि हे सगळं बर्फ पडायच्या आत. ठेकेदारानं चार माणसं पाठवली. त्यांचा मुख्य मिस्त्री स्ताथिस. स्ताथिस हे कामापुरतं नाव. डोंगरापलीकडून, अल्बानियातून, तो तरणा असताना चालत आला होता, आणि इकडे काम मिळवायचं तर आधी नाव बदलावं लागतं. खरं नाव रेफात. ते गावात कुणी विचारलं नव्हतं.

थ्रासोस रोज सकाळी चौकातल्या पोलिक्सेनीच्या कॉफीच्या दुकानात छपराकडे तोंड करून बसायचा. पोलिक्सेनी त्याच्याच वयाची, विधवा, जिभेनं तिखट. तो हातात काठी धरून रेफातची फरशी न्‌ फरशी तपासायचा. चूक सापडेना, त्यामुळे चीड वाढत चालली होती.

त्या गुरुवारी सरपंच अखिलेआस इंजिनिअरला घेऊन चौकातून आला. वर रेफातनं मान न वळवता मेहुण्याला दोन शब्द टाकले. मेहुणा विडी विझवून कामाला लागला.

थ्रासोसचा कप ओठापाशी थांबला. ते शब्द मी इथे लिहिणार नाही, ते लिहायचे नसतातच. अर्थ एवढाच, की मालक आलाय. पण थ्रासोसच्या हिशेबानं तो अर्थ त्या शब्दांत जिवंत दोनच माणसांना ठाऊक होता. एक इथे खुर्चीत बसलेला, दुसरा योआन्निनाच्या वृद्धाश्रमात.

"काय रे थ्रासो, माशी पडली का कॉफीत?" पोलिक्सेनीनं विचारलं.

"चोर आहे तो."

"कोण?"

"तो वरचा. स्ताथिस."

"काय चोरलं मेल्यानं?"

थ्रासोसनं कप बशीत ठेवला. शब्द चोरला म्हणावं, तर असा काही शब्द आहे हे सांगावं लागणार.

"चोरलंय. एवढं पुरे."

"अरे पण काय? कोंबडी? बायको?"

"आमच्या टोळीचं आहे ते. बापजाद्यांचं."

पोलिक्सेनीनं फडकं खांद्यावर टाकून शाळेकडे नजर टाकली. भिंतीला लागून उतरवलेल्या काळ्या फरशांचा ढीग होता. असल्या फरशा खालच्या गावांतले हॉटेलवाले हौसेनं घेतात.

"अगं बाई," ती म्हणाली, "फरशा विकतोय होय!"

थ्रासोस हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. काठी उचलून घरी गेला. त्याची चूक झाली ती इथे.

घरी जाऊन त्यानं वृद्धाश्रमात फोन लावला. पलीकडे वांगेलिस, तोच तो लग्नात बोललेला चुलतभाऊ.

"तू विकलीस का?"

"काय? घर? घर तर पुतण्याच्या नावावर आहे."

"बोली रे, बोली! कुणापाशी बोललास?"

"कुणापाशी बोलू इथे, नर्सबाईपाशी? थ्रासो, एक सांगू? मला परवा आपल्यातलं 'पाणी' आठवेना. तहान लागली होती आणि शब्दच येईना. काय म्हणायचो रे आपण?"

थ्रासोसनं फोन कानापासून लांब धरला. फोनवर सांगायचं? मध्ये कोण ऐकत असेल! "आठवेल तुला," म्हणून त्यानं ठेवून दिला.

मग दोन दिवस त्यानं एकेकाला मनातल्या मनात उभं करून झडती घेतली. ती पोरगी? तिच्याकडे सासू आणि शिंक. मेलेला आजा, जुना म्होरक्या? दारू प्यायचा, पण प्यायला की गायचा, बोलायचा नाही. शेवटी सख्ख्या बापाचाही नंबर लागला. मेलेल्यांवर संशय घेण्यात एक सोय असते, ते भांडायला येत नाहीत. पण झोप लागू देत नाहीत.

इकडे गाव गप्प बसलं नव्हतं. रविवारी प्रार्थना आटपून माणसं दुकानात जमली तोवर गोष्टीला हातपाय फुटले होते. कुणी निळा टेम्पो बघितला होता. कुणी टेम्पोत फरशा बघितल्या होत्या. ज्याला रस्त्यापलीकडचा माणूस ओळखू येत नाही त्यानं त्या मोजल्याही होत्या. सरपंच थ्रासोसच्या शेजारी खुर्ची ओढून बसला.

"बार्बा, तुमच्या कानावर घालतो. उद्या सकाळी ठेकेदार येतोय. त्या स्ताथिसला काढतोय. पोलिसांतही कागद देऊन टाकू."

"फरशा मी म्हणालो नाही."

"मग काय म्हणालात?"

थ्रासोसनं कपातला गाळ निरखला.

"नका बोलू. कळतं आम्हाला. तुम्ही सज्जन माणूस, कुणाच्या पोटावर पाय नको म्हणून बोलत नाही."

सरपंच उठून गेल्यावर पोलिक्सेनी टेबल पुसायला आली. पुसलेलंच टेबल तिनं पुन्हा पुसलं.

"त्याची मुलगी कोनित्साच्या शाळेत पहिली येते, माहीत आहे ना तुला? नोव्हेंबरात त्याचा राहायचा परवाना नव्यानं करायचाय. चोरीचा कागद गेला की झालं. बायको, पोर, भांडीकुंडी, सगळं डोंगरापलीकडे."

"हे मला का सांगतेस?"

"तूच बघितलंस ना चोरताना. दुसऱ्या कुणाला सांगू?"

थ्रासोस उठला तो तडक फरशांच्या ढिगाकडे गेला. चोर सापडावा अशीच त्याची इच्छा होती, खोटं कशाला सांगू. ढीग त्यानं लांबून ढीग म्हणून बघितला होता, जवळून तो ढीग नव्हताच. जाड फरशा एकीकडे, वळचणीसाठी. पातळ दुसरीकडे, आढ्याजवळ लावायला. फुटक्या तुकड्यांची वेगळी रास, भिंतीच्या सांध्यांत ठोकायला. प्रत्येक फरशी ज्या बाजूनं उतरली तीच बाजू वर. चोर माल असा लावून ठेवत नाही. असं लावायला त्याला स्वतःला बापाच्या किती थपडा खाव्या लागल्या होत्या!

आतून हसण्याचा आवाज आला. एकटाच माणूस हसत होता.

रेफात फलकांसमोर उभा होता. पावसाची ओल चढू नये म्हणून ते हलवायला सुट्टीच्या दिवशी आला असावा. एक फलक भिंतीला टेकवून तो डोळे पुसत होता. दारात म्हातारा दिसला तसा ताठ झाला.

"माफ करा, बार्बा."

"कशाला हसतोस?"

"काही नाही."

"ग्रीक वाचता येतं?"

"सावकाश."

"मग सावकाश वाच."

रेफातनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "दगड. गवंड्यांच्या बोलीत..." पुढे त्याला जाता येईना, खांदे गदगदायला लागले. "बार्बा, दगडाला 'मारिगो' हे नाव कुणी दिलं? हे एखाद्या गाढवाचं वाटतं."

"गाढविणीचं. गुणी होती." थ्रासोसनं दार लावून घेतलं. "हे खोटं आहे हे तुला कसं कळलं?"

रेफातचं हसू गेलं. नजर खिडकीकडे वळली. ती नजर थ्रासोसनं ओळखली. आन्थीच्या खाटेशी बसून आपण असंच बाहेर बघत होतो.

"बोल! कुणी विकलं तुला?"

"विकलं?" आता रेफात चिडला. "अकरा वर्षं या डोंगरात छपरं चढवतोय, कुणाचा खिळा घेतला नाही. चोर म्हणताहेत ते कळलंय मला. आता हे विकत घेतलं म्हणताय? आजोबांनी दिलं. पावावर हात ठेवायला लावून दिलं. मीही मेहुण्याला तसंच दिलं. माझ्या बायकोलाही येत नाही."

"कोण तुझा आजा?"

"तुमच्या टोळीत होता. सरहद्द बंद व्हायच्या आधी. लिथोव्रिसीचा एक तिरळा म्होरक्या होता, त्याच्या हाताखाली."

तिरळा म्होरक्या म्हणजे थ्रासोसचा आजा. पण थ्रासोस लगेच विश्वास ठेवेल तर तो थ्रासोस कसला? "त्याचा फोटो इथेच दारामागे टांगलाय. तिरळा आहे हे आंधळाही सांगेल."

"बरं, मग ठेवू नका विश्वास."

"आणि तुमच्या तिकडे कसला आलाय मालक? तिकडे तर सगळं सरकारचं होतं. 'मालक आला' कुणाला म्हणत होता तुझा आजा?"

"सरकारलाच," रेफात म्हणाला. "मुकादम येताना दिसला की शब्द तोच. आमच्याकडे मालक नव्हता, बार्बा. पण कुणीतरी येतच होतं."

थ्रासोसला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घातलं. मग त्यानं शेवटची कसोटी काढली. टोळीनं शेवटचा दगड बसवला की म्होरक्या एक वाक्य म्हणायचा आणि बाकीच्यांनी मिळून त्याला उत्तर द्यायचं. हे कुठल्या फोटोत नव्हतं. वांगेलिस आश्रमात गेला त्याला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं त्या वाक्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं. थ्रासोसनं खिडकीही लावली, दोनदा मागे बघितलं, आणि ते हळू आवाजात म्हटलं.

रेफातनं टोपी काढली आणि उत्तर दिलं.

"चूक!" थ्रासोसची काठी फरशीवर आपटली. "शेवटचा शब्द चुकलास!"

"नाही बार्बा. तुमचाच चुकतोय."

"माझा? अरे, बोली कुणाची?"

"मधलं सगळं जुळलं ना? मग शेवटही हाच. आजोबा असाच म्हणायचे."

"तुझा आजा माझ्या आजाच्या हाताखाली चिखल कालवायचा!"

"म्हणूनच त्यानं नीट ऐकलं असेल. म्होरके नुसते ओरडतात."

दोन म्हशी एका दारात अडकाव्यात तसे दोघे अर्धा तास त्या एका शब्दावर अडून होते. थ्रासोसनं शिव्या दिल्या, बोलीतल्या दिल्या, आणि प्रत्येक शिवी समोरच्याला कळत होती. भांडता भांडता त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली आणि तो थंड पडला. टोळी शेवटचा शब्द कसा म्हणायची, हे त्याला खात्रीनं सांगता येत नव्हतं. वांगेलिसला पाणी आठवेना. आपल्याला हे आठवेना. ज्याला चोर म्हणालो त्याच्याशिवाय विचारायला आता कुणी नव्हतं.

सोमवारी सकाळी सरपंच ठेकेदाराला घेऊन आला तेव्हा थ्रासोस फरशांच्या थप्पीवर बसलेला होता. मागे निम्मं गाव. रेफात सामानाची पिशवी भरून परांचीखाली उभा.

"बार्बा, थंडी आहे, उठा," सरपंच म्हणाला.

"आधी फरशा मोज."

"मोजायचं काय, तुम्हीच तर..."

"मी फरशा म्हणालो नाही! पोलिक्सेनी म्हणाली."

"अरे वा!" पोलिक्सेनी गर्दीतून ओरडली. "तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास म्हणून म्हणाले. मग काय चोरलं ते सांग की सगळ्यांपुढे!"

आता उठून जाता आलं असतं. शपथ राहिली असती, आणि रेफात पिशवीसकट पोलिसांच्या गाडीत बसला असता. थ्रासोसनं काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले.

"बोली," तो म्हणाला. "आमची बोली याला येते. मला वाटलं चोरली. चोरली नाही. याच्या आजाला आमच्याच टोळीनं दिली होती. हा आमच्यातला आहे."

"म्हणजे अल्बानियन?" मागून कुणीतरी म्हणालं.

"म्हणजे गवंडी. तुझा बाप शिंपी होता, तू मध्ये बोलू नकोस."

सरपंच हसल्यासारखं करून पुढे आला. "बार्बा, बोलीत गुपित काय राहिलंय? ती तर आत फलकावर आहे, सगळी."

"फलकावर माझी गाढवीण आहे."

पोलिक्सेनीला सगळ्यांच्या आधी कळलं. ती जी हसायला लागली ती खांबाला धरून बसली. सरपंचाचा चेहरा मात्र चुन्यासारखा पांढरा पडला. पत्रकं छापून झाली होती: 'शुद्ध स्थानिक वारसा.' तो थ्रासोसच्या कानाशी वाकला. "फलकांचं आणि त्याच्या आजाचं, दोन्ही कुठे बोलू नका. याला काढत नाही मी. पोलिसही नकोत. मिटलं?"

"आधी फरशा मोज," थ्रासोस म्हणाला. सरपंचाला त्या मोजाव्याच लागल्या. एक कमी नव्हती.

छप्पर बर्फाच्या आधी चढलं, थेंब गळत नाही. रेफातचा परवाना झाला. आणि दारावर संगमरवरी पाटी बसली: 'अखेरचे मिस्त्री थ्रासिवूलोस यांच्या मार्गदर्शनाखाली.' थ्रासिवूलोस हे थ्रासोसचं पूर्ण नाव. मार्गदर्शन म्हणजे खुर्चीत बसून कॉफी. थ्रासोसनं स्ताथिसला त्याचं खरं नाव विचारून घेतलं, सरपंचाकडे गेला, म्हणाला खाली रेफातचं नाव घाला. सरपंच म्हणाला, पाटीवर जागा नाही. जागा वीतभर आहे, मी स्वतः वीत लावून बघितलीय. प्रवाशांना 'शुद्ध' दाखवायचंय, त्यात परक्याचं नाव कसं चालेल? वारसा वारसा म्हणून ऊर बडवणाऱ्यांची ही नियत! ज्यानं छप्पर चढवलं त्याचं नाव लपवायचं आणि गाढविणीला काच लावायची.

थ्रासोस उद्घाटनाला गेला नाही. आता रेफात रविवारी त्याच्याकडे येतो, दार लावून दोघे बसतात, आणि शेवटच्या शब्दावरून भांडण ऐकू येतं. म्हाताऱ्याला अजून वाटतं, की पोरगा मुद्दाम चुकीचं सांगतोय.

तुम्ही कधी लिथोव्रिसीला आलात तर फलकांवरचे शब्द वहीत उतरवून घेऊ नका. तिकीट काढा, छप्पर नीट बघा, आणि तिकिटाच्या खिडकीतल्या माणसाला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारा, हे कुणी चढवलं? तो पाटीकडे बोट दाखवेल. तेव्हा फक्त एवढं विचारा: "आणि रेफात?" उत्तर मिळेपर्यंत खिडकीसमोरून हलू नका.